एकच विश्वचषक पूर्ण बघायचा तर कोणता: टी-२० की पन्नास षटकांचा?

महिलांचे दोन्ही विश्वचषक पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बघणं नोकरी, घर आणि बाकीचं क्रिकेट सांभाळून फार थोड्यांना जमतं. बहुतेकांना वाटणी करावीच लागते. एक स्पर्धा मन लावून पूर्ण बघायची, दुसरीचे मोजके सामने. माझी वाटणी ठरून काही काळ झाला. साखळी फेऱ्या वही-पेन घेऊन बघता बघता झालेलं हे मत आहे. त्याला मोजमाप समजू नका, पण ठरवताना उपयोगी पडेल.

आधी वेळेचा हिशेब, कारण तो सोपा आहे आणि उघडउघड टी-२० च्या बाजूने जातो. २०२४ चा टी-२० विश्वचषक ३ ते २० ऑक्टोबर चालला, सामने २३. एका सामन्याला तीन तास धरले तरी सत्तर तासांत स्पर्धा हातावेगळी. २०२५ चा पन्नास षटकांचा विश्वचषक ३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर, सामने ३१. सामन्याला सात तास धरले की दोनशेच्या पुढे. ज्याला संध्याकाळचाच वेळ मोकळा आहे त्याच्यासाठी इथेच निकाल लागतो, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. शिवाय टी-२० दर दोन वर्षांनी येतो आणि पन्नास षटकांचा चार वर्षांनी. एक टी-२० हुकला तर फार बिघडत नाही, दुसऱ्याला मात्र पुन्हा चार वर्षं थांबायचं.

टी-२० ची खरी गंमत वेळेत नाही, धाडसात आहे. छोटे संघ इथे दिसतात. २०२० मध्ये पहिल्यांदाच आलेल्या थायलंडने सिडनीत पाकिस्तानविरुद्ध ३ बाद १५० केल्या, आणि मग पाऊस आला. निकाल लागला नाही, पण तो डाव ज्यांनी बघितला ते विसरलेले नाहीत. २०२४ मध्ये स्कॉटलंड पहिल्यांदा खेळला. त्याच वर्षी न्यूझीलंड सलग दहा टी-२० सामने हरून स्पर्धेत आला आणि चषक घेऊन गेला. पन्नास षटकांत असं होणं अवघड, कारण तिथे दुबळी फळी पंचविसाव्या षटकापर्यंत उघडी पडते. वीस षटकांत तिला लपायला जागा असते. एखादीने ४० चेंडूंत ६० केल्या, दोघींनी चार-चार षटकं नेमकी टाकली, की बाकी आठ जणींची परीक्षाच होत नाही.

हाच मुद्दा उलटा फिरवला की दुसरी बाजू दिसते. टी-२० मध्ये गोलंदाजाला २४ चेंडू मिळतात. चेंडू आत आणणाऱ्या रेणुका सिंग ठाकूरसारखीची दोन-तीन षटकं पॉवरप्लेमध्येच, म्हणजे पहिल्या सहा षटकांतच, संपतात, मग उरलेलं एखादं शेवटी. २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्ध तिने १५ धावांत ५ गडी घेतले, तरी भारत ११ धावांनी हरला. पन्नास षटकांत गोलंदाजाला फलंदाजासाठी सापळा लावायला वेळ असतो. पहिल्या स्पेलमध्ये काय दाखवलं आणि तिसऱ्या स्पेलमध्ये काय टाकलं, यातला धागा पकडता येतो. २०२५ च्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने आधी ५८ धावा केल्या, मग ३९ धावांत ५ गडी घेतले. त्यातली दक्षिण आफ्रिकेच्या शतकवीर लॉरा वोल्वार्ड्टची विकेट बघताना आधीची चाळीस षटकं बघितलेली असणं किती कामाचं, ते ज्यांनी फक्त क्षणचित्रं बघितली त्यांना कळणार नाही. अर्थात पंधराव्या ते पस्तिसाव्या षटकांदरम्यान डोळा लागतो, ही तक्रारही खोटी नाही. त्या टप्प्यात दोन्ही संघ काही करत नाहीत असं वाटतं. एकेरी-दुहेरी धावा कोण कुठल्या बाजूला काढतंय हे बघायची सवय नसेल तर तो काळ जड जातो.

इथवर दोन्ही पारडी जवळपास सारखीच. माझं पारडं ज्या गोष्टीने झुकलं ती खेळात नाही, गुणतक्त्यात आहे: टी-२० मधले चार साखळी सामने आणि त्यातला नेट रनरेट, म्हणजे षटकामागे केलेल्या धावांतून षटकामागे दिलेल्या धावा वजा करून येणारा आकडा. गुण समान झाले की त्यावर पात्रता ठरते.

२०२४ पर्यंत टी-२० विश्वचषकात पाच-पाच संघांचे दोन गट होते. प्रत्येकाला चार सामने, गटातून दोन पुढे. कागदावर ठीक वाटतं. प्रत्यक्षात एक सामना वाईट गेला की तुमचा संघ उरलेले तीन सामने खेळत नाही, गणित सोडवतो. २०२४ चा भारत हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून आकडे घेऊन बघू.

पहिला सामना दुबईत न्यूझीलंडशी. त्यांच्या ४ बाद १६०, भारत १९ षटकांत सर्वबाद १०२. संघ सर्वबाद झाला की रनरेटसाठी पूर्ण २० षटकं धरतात, १९ नाही. म्हणजे १०२ भागिले २० वजा १६० भागिले २०: उणे २.९०. दुसरा सामना पाकिस्तानशी, त्यांच्या ८ बाद १०५. लक्ष्य १०६. पहिल्या सामन्याचं भोक एकाच दिवसात बुजवायचं असेल तर ते ११.२ षटकांत गाठायला हवं होतं. ज्या खेळपट्टीवर पाकिस्तानला वीस षटकांत १०५ जमल्या, तिथे षटकामागे साडेनऊच्या जवळ. भारताने ते १८.५ षटकांत केलं आणि माझ्या मते बरोबर केलं, कारण गुण गेले असते तर रनरेटचा प्रश्नच उरला नसता. पण त्या रात्री चर्चा विजयाची झाली नाही, संथपणाची झाली. दोन सामन्यांनंतर रनरेट उणे १.२१७. मग श्रीलंकेवर ८२ धावांनी विजय, तेव्हा कुठे तो अधिक ०.५७६ झाला. शेवटी शारजात ऑस्ट्रेलियाकडून ९ धावांनी हार. चार गुण, अधिक ०.३२२.

आणि मग खरी चीड आणणारी गोष्ट. भारताचे सामने संपले होते, स्पर्धा संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंड-पाकिस्तान. न्यूझीलंड जिंकला तर भारत बाहेर. पाकिस्तान जिंकला तर तिघांचे चार-चार गुण आणि निकाल रनरेटवर. न्यूझीलंडने ११० केल्या, लक्ष्य १११. मग भारताच्या पाठीराख्याने मागायचं काय? पाकिस्तान जिंकावा, पण सावकाश. १११ धावा १०.४ षटकांत झाल्या तर पाकिस्तानच भारताच्या पुढे जात होता, एक चेंडू उशीर झाला तर भारत पुढे. असला नवस कुठल्या देवाला बोलायचा? पाकिस्तान ११.४ षटकांत ५६ धावांत सर्वबाद झाला आणि तोही प्रश्न मिटला.

हा एकट्या भारताचा रडका सूर म्हणावा, तर त्याच स्पर्धेत इंग्लंडकडे बघा. चारपैकी तीन सामने जिंकले आणि घरी गेले. शेवटच्या सामन्याला उतरताना गटात पुढे होते. वेस्ट इंडिजने १४२ चं लक्ष्य १८ षटकांत गाठलं, तीन संघांचे सहा-सहा गुण झाले आणि रनरेटमध्ये इंग्लंड तिसरा. त्याआधी २०२३ मध्ये न्यूझीलंड: पहिले दोन सामने ९७ आणि ६५ धावांनी हरले, पुढचे दोन ७१ आणि १०२ धावांनी जिंकले. बेरीज करा, गेल्या १६२, आल्या १७३, शिल्लक ११. ऐंशी षटकांवर वाटल्या की अधिक ०.१३८. दोघांचेही चार गुण, पण दक्षिण आफ्रिका रनरेटवर पुढे गेली आणि दोन मोठे विजय मिळवलेला संघ परतला.

आता हेच नुकसान पन्नास षटकांत किती होतं ते बघा. ५८ धावांची हार टी-२० मध्ये त्या सामन्यापुरती २.९० ची, आणि चार सामन्यांच्या ऐंशी षटकांवर पसरली तरी जवळपास पाऊण धावेची. पन्नास षटकांत तीच हार त्या सामन्यापुरती १.१६ ची, आणि साखळीतल्या सात सामन्यांच्या साडेतीनशे षटकांवर पसरली की ०.१७ च्या आतबाहेर. चौपटीहून जास्त फरक. त्यातला अडीचपट वीस-पन्नास षटकांमुळे, पावणेदोनपट साखळीच्या लांबीमुळे.

२०२५ ची दक्षिण आफ्रिका बघा. गुवाहाटीत पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ६९ धावांत सर्वबाद, इंग्लंडने १४.१ षटकांत एकही गडी न गमावता ७३ केल्या. रनरेट उणे ३.७७३. टी-२० च्या गटात अशा सुरुवातीनंतर चाहते पिशव्या भरायला घेतात. इथे त्यांनी पुढचे पाच सामने जिंकले, शेवटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा ९७ धावांत कोसळल्या, रनरेट शेवटी पुन्हा उणे झाला आणि त्याने काहीही बिघडलं नाही, कारण गुण दहा होते. उपांत्य फेरीत तेच गुवाहाटी, तोच इंग्लंड. वोल्वार्ड्टच्या १६९, विजय १२५ धावांनी. एकाच मैदानावर एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ६९ ते ३१९ हा प्रवास बघायला मधले साडेतीन आठवडे लागतात. मला स्पर्धेकडून हेच हवं असतं.

भारताचंही तसंच. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन पराभव. पाच संघांच्या गटात एवढ्यावर सामान बांधायची वेळ आली असती. इथे संघाला चूक करायला आणि ती सुधारायला जागा मिळाली. पाचच गोलंदाज कमी पडतायत म्हणून इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळून रेणुकाला घेतलं. २८९ चा पाठलाग ४ धावांनी हुकला. पुढच्या सामन्यात जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर गेली, नाबाद ७६. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य आणि तिच्या नाबाद १२७. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून बाहेरून आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा करून वर दोन गडीही घेतले. संघबांधणीचा हा सगळा खटाटोप चार सामन्यांत मावत नाही. तिथे कर्णधाराला पहिल्या सामन्यातला संघच शेवटपर्यंत रेटावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच सामन्यात घाबरून तीन बदल करावे लागतात.

लांब साखळी म्हणजे न्याय असंही नाही. २०२२ मध्ये न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात भारताचे सहा गुण आणि चांगला रनरेट होता. वेस्ट इंडिजचा रनरेट उणे होता, पण दक्षिण आफ्रिकेशी त्यांचा सामना पावसाने धुतला, एक गुण मिळाला आणि सात गुणांवर ते पुढे गेले. भारताचा शेवटचा सामना नो-बॉलवर फिरला हे खरं, पण तो एक गुण पावसाचा होता. २०२५ मध्ये कोलंबोतले सामने तर एकामागून एक वाहून गेले. साखळीला राखीव दिवस नसतो आणि पन्नास षटकांच्या सामन्यात निकालासाठी दोन्ही संघांना किमान वीस-वीस षटकं मिळावी लागतात. टी-२० मध्ये पाच-पाच षटकांत भागतं, त्यामुळे पावसाळी हवामानात टी-२० जास्त सामने वाचवतो. पण २०२० ची सिडनीतली भारत-इंग्लंड उपांत्य लढत आठवा: एकही चेंडू पडला नाही, राखीव दिवस नव्हता, गटात पहिला म्हणून भारत अंतिम फेरीत आणि इंग्लंड विमानात. तेव्हा पावसाच्या बाबतीत दोघांना जवळपास सारखे गुण देतो, टी-२० ला किंचित जास्त.

टी-२० च घ्यायचा ठरला तर तो वही घेऊनच बघा, नाहीतर तिसऱ्या सामन्यापासून समालोचक काय बोलतायत ते कळत नाही. प्रत्येक संघासाठी चार आकडे पुरतात: केलेल्या धावा, खेळलेली षटकं, दिलेल्या धावा, टाकलेली षटकं. प्रत्येक सामन्यानंतर बेरीज वाढवत न्यायची आणि भागाकार बेरजेवर करायचा. प्रत्येक सामन्याचा वेगळा रनरेट काढून सरासरी काढली की उत्तर चुकतं. सगळ्यात जास्त फसगत षटकांच्या दशांशात होते. १८.५ म्हणजे अठरा षटकं पाच चेंडू, भागाकारात ते १८.८३३ घ्यायचं. सरळ १८.५ घातलं की हिशेबातून दोन चेंडू गायब होतात, आणि पात्रता तर एका चेंडूवरही ठरू शकते. सर्वबाद संघाची पूर्ण षटकं धरायची. पावसाने दुसऱ्या संघाची षटकं कमी झाली तर पहिल्या संघाच्या खात्यात खरी धावसंख्या मांडायची नाही, सुधारित लक्ष्याहून एक धाव कमी आणि दुसऱ्या संघाला मिळालेली षटकं मांडायची. निकालाविना संपलेला सामना रनरेटमध्ये धरत नाहीत. आणि गुण समान झाले की आधी विजयांची संख्या बघतात, मग रनरेट. हे विसरून भलत्याच संघाच्या नावाने रडणारे दर स्पर्धेत भेटतात.

सामने निवडायचे तर टी-२० मध्ये तुमच्या संघाचा पहिला सामना आणि गटातल्या दोन तगड्या संघांचा आपसातला सामना, हे दोन सोडू नका. शेवटच्या दिवसाची समीकरणं तिथेच तयार होतात. २०२४ चं न्यूझीलंडच घ्या. ऑस्ट्रेलियाकडून ६० धावांनी हरूनही ते तरले, कारण पहिल्या सामन्यातला भारतावरचा विजय खात्यात होता. पन्नास षटकांत उलट. पहिले दोन सामने सुटले तरी चालतील, चौथ्या-पाचव्या सामन्यापासून बघायला बसा. तेव्हा संघ स्थिरावलेले असतात आणि कोण थकलंय ते दिसायला लागतं.

मैदानावर जाऊन बघणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा. टी-२० मध्ये बऱ्याचदा एका मैदानावर एकाच दिवशी दोन सामने असतात, तिकिटाचे पैसे वसूल होतात आणि चार संघ बघायला मिळतात. घरून बघणाऱ्याला वेळेचा फरकही महत्त्वाचा. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तिथे दुपारी अडीचला सुरू होणारा टी-२० आपल्याकडे सातला. हा सौदा चांगलाच आहे.

आणि माझी तक्रार थोडी जुनी होत चाललीय, हेही सांगायला हवं. २०२६ च्या इंग्लंडमधल्या टी-२० विश्वचषकाचं स्वरूप बारा संघांचं आहे, सहा-सहाचे दोन गट, प्रत्येकी पाच सामने, एकूण ३३. वरची ५८ धावांची हार आता शंभर षटकांवर पसरते, म्हणजे पाऊण धावेऐवजी ०.५८. सुधारणा आहे, पण गटातून दोनच पुढे जातात आणि एका वाईट संध्याकाळची किंमत अजून मोठीच आहे. म्हणून सध्या तरी मी दोनशे तासांच्या बाजूने. पन्नास षटकांचा विश्वचषक २०२९ मध्ये दहा संघांचा होणार आहे. ते सगळे एकमेकांशी खेळले तर उत्तमच. पाच-पाचचे गट पाडून त्यांनीही चार सामन्यांची साखळी केली, तर मात्र मला वही पहिल्या पानापासून उघडावी लागेल.